बाव्याचं पोट

शहाद्याच्या एसटी स्टँडबाहेर धडगावच्या जिपा जिथे भरतात, त्याच्या समोरच्या इमारतीवर एका बाईचा भलामोठा चेहरा लावलेला आहे. चेहरा मधोमध उभा कापून दोन भागांत वाटलाय. डावा भाग साठीतला, गाल ओघळलेला. उजवा तिशीतला, ताठ. खाली लिहिलंय की हे काम शस्त्रक्रियेशिवाय होतं. जीप भरायला दीड-दोन तास लागतात, कारण नऊ माणसांच्या जिपेत नऊ माणसं बसली तर तिला आमच्याकडे भरलेली म्हणत नाहीत. तेवढा वेळ ड्रायव्हरनं कुठेतरी बघायचं असतं. जालमसिंग पावरा वर्षभर त्या बाईकडे बघत होता.

तिच्या रूपाशी त्याला देणंघेणं नव्हतं. इतकं चांगलं काम करणाऱ्या माणसानं अर्धाच चेहरा करून का सोडला, हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त खोल होता. गालाचं कातडं आवळता येत असेल, तर पोटाचं का येऊ नये?

जालमसिंगचं पोट एके काळी या घाटात नावाजलेलं होतं. स्टिअरिंगचं चाक त्याच्यावर घासून शर्टाला दर महिन्याला तिथेच भोक पडे. वळणावर तो दोन्ही हात सोडून तंबाखू मळतो आणि गाडी पोटानं वळवतो, असं प्रवासी सांगत. ही अतिशयोक्ती होती. तो एकच हात सोडायचा. पुढे त्याला साखरेचा आजार निघाला आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पायाची बोटं कापायची गोष्ट काढली. जालमसिंग घाबरला आणि घाबरल्यावर माणसानं जे करावं असं सगळी पुस्तकं सांगतात आणि कुणीच करत नाही, ते त्यानं केलं. स्टँडवरचे वडे सोडले, गोड चहा सोडला, रोज पहाटे डोंगर चढून उतरू लागला. दोन वर्षांत पोट गेलं. पण पोटाचं कातडं राहिलं. आतलं बिऱ्हाड हललं आणि तंबू तसाच उभा, किंवा खरं तर लोंबता, राहिला.

घरात याचा फायदा एकाच माणसाला होता. त्याची मुलगी सीमा बापाच्या शर्टात हात घालून ती घडी मुठीत धरायची आणि झोपायची. दुसरं काही धरून तिला झोप येत नसे. कमलीबाईनं, म्हणजे जालमसिंगच्या बायकोनं, पोरीच्या हाती आपल्या साडीचा पदर देऊन पाहिला. पोरीनं तो परत केला.

ही सीमा जिपेतच जन्मली. कमलीबाईला कळा सुरू झाल्या तेव्हा पावसानं दरड कोसळून घाटाचा रस्ता अडला होता. मागच्या सीटवर बायको निपचित पडलेली, पुढे दगडांचा ढीग. जालमसिंगनं इंजिन बंद केलं आणि याहामोगी देवीला सांगितलं, दोघं जगली तर पाच वर्षं तुझ्या होळीत बावा होईन. दोघी जगल्या. दरड कुणी आणि कशी उपसली ते त्याला आजही नीट आठवत नाही, आणि तो त्याबद्दल बोलत नाही.

बावा होणं म्हणजे काय, हे मैदानी मुलखातल्या वाचकांना सांगायला हवं. अंगभर राख, राखेवर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप. कमरेला घुंगरांचा आणि वाळलेल्या दुधी भोपळ्यांचा पट्टा, वजन असं की तो बांधायला दोन माणसं लागतात. तो बांधून रात्रभर होळीभोवती नाचायचं, पहाटे आग पेटल्यावरही नाचायचं आणि मधला उंच बांबू जळून पडेपर्यंत रिंगण सोडायचं नाही. त्याआधी काही दिवस पाळणी असते. पाळणीत खाटेवर बसायचं नाही, बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, अंघोळ नाही, पायात काही नाही, आपलं जेवण आपण रांधायचं. मोडलं तर नवस पहिल्यापासून.

तीन वर्षं जालमसिंगनं हे सगळं केलं. चौथ्या वर्षी कातडं आड आलं. पोटाची घडी पट्ट्यावर लोंबायची, प्रत्येक उडीला पट्टा आणि अंग यांच्यामध्ये चेंगरायची, आणि आग पेटेपर्यंत तिथे जखम झाली. बांबू पडायच्या आधीच तो रिंगणाबाहेर येऊन बसला. गावचा पुजारा वाहरूबाबा, ऐंशीच्या पुढचा आणि तरुणपणी स्वतः अनेक वर्षं बावा झालेला माणूस, त्यानं निवाडा दिला. हे वर्ष धरू, पण पुढच्या वर्षी बांबू पडेपर्यंत उभा राहिलास तर. नाहीतर पाचही वर्षं नव्यानं.

म्हणून दिवाळी झाल्यावर एका दुपारी, जीप अर्धी भरलेली असताना, जालमसिंग त्या पाटीच्या इमारतीचा जिना चढला.

वर डॉक्टर ललित पाटलांचा त्वचेचा दवाखाना. पाटलांचं घर तापीकाठचं, केळीच्या बागांचं. मुलगा पुण्याला शिकून कातड्याचा डॉक्टर झाला आणि परत आला, याचं काठावर अजून आश्चर्य करतात. बाहेरच्या खोलीत लग्न ठरलेल्या मुली आणि पुरुषोत्तमनगरहून कारखान्यातल्या साहेबांच्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या नूतनबाईंनी जालमसिंगकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गेल्या महिन्यात याच माणसाच्या जिपेनं त्यांच्या स्कूटीवर चिखल उडवला होता.

"भो, हाई मशीन चेहराना शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तू काबर उना अठे?"

"मन्ह्या पोटना पत्रा ढिला व्हई गया, ताई," जालमसिंग म्हणाला. "जीपना मी सोताच ठोकी लेस."

डॉक्टरांनी तपासलं आणि आधी खरं ते सांगितलं. एवढ्या सैल कातड्याला खरा इलाज शस्त्रक्रिया आहे, जास्तीचं कापून शिवायचं. जालमसिंगनं मान हलवली. साखरेच्या अंगाला टाके भरायला किती वेळ लागेल कुणास ठाऊक, आणि होळी थांबणार नव्हती. मग यंत्रानं काय होतं, ते डॉक्टरांनी समजावलं. रेडिओच्या लहरी कातड्यात सोडायच्या. वर विस्तव नाही, दिवा नाही, पण आत खोलवर ऊब तयार होते. कातड्याखाली धाग्यांची जाळी असते, ती तापली की आखडते, आणि पुढचे दोन-तीन महिने शरीर तिथे नवे धागे विणत राहतं. थोडं आवळेल. जादू होणार नाही.

जालमसिंगला यातलं 'जादू होणार नाही' एवढंच पटलं नाही. जो गाडीतल्या रेडिओवर रोज गाणी ऐकतो, त्याला लहरी हवेतून येतात हे माहीत असतं. पण त्याच लहरी पोटात शिरतात आणि आत बसून विणकाम करतात, हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यानं विचारलं, बाहेरच्या पाटीवरच्या बाईचा अर्धा चेहरा का ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं की ती एकच बाई, आधीची आणि नंतरची. जालमसिंगला वाईट वाटलं. वर्षभर तो त्या बाईची कीव करत होता.

साखर ताब्यात आहे आणि पोटाला गरम-थंड नीट कळतं, याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी सहा बैठका ठरवल्या, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. खालच्या घडीवर, जिथे पट्टा बसतो तिथे, जुन्या जखमेचा भाग अजून नाजूक होता. तो शेवटी घ्यायचं ठरलं.

बैठका गायत्री घ्यायची. ती शहाद्याचीच, हातानं स्थिर आणि तोंडानं सैल. पाठीखाली एक पट्टी चिकटवायची, पोटावर गार जेल लावायचं आणि यंत्राचं बोथट तोंड गोल गोल फिरवत राहायचं. एका जागी थांबायचं नाही. दुसऱ्या हातात तापमान सांगणारी बंदूक. ती अंगाला न लावता, नुसती रोखली की आकडा दाखवते. बेचाळीसच्या वर गेलं की हात उचलायचा. जालमसिंग छताकडे बघत पडून राहायचा आणि आत येणाऱ्या उबेचं वर्णन करायचा, कारण गायत्रीला ते विचारणं भागच होतं. लग्नाळू मुली 'ठीक आहे' किंवा 'जरा जास्त आहे' असं सांगत. जालमसिंग म्हणे, आता सकाळचं बॉनेट. आता घाटाच्या मध्यावर. आता तोरणमाळ चढल्यावरचं. गायत्रीला बॉनेटवरून बरोबर अंदाज येऊ लागला.

दर वेळी ती फोटो काढायची. फोटोंवरून दोघांचं एकमत कधी झालं नाही. तिला फरक दिसायचा, त्याला नाही. डॉक्टरांना दोन्ही दिसायचं, आणि डॉक्टर असल्यामुळे ते दोन्ही बोलत नसत.

पाचव्या बैठकीनंतर गायत्रीनं विचारलं, पुढची होळीआधी आठवडाभर जमेल ना. तो म्हणाला, जमेल. आणि इथेच चूक झाली. गायत्रीची होळी भिंतीवरच्या कॅलेंडरातली. पण सातपुड्यात प्रत्येक गावाची होळी आपापल्या दिवशी पेटते, म्हणजे या गावच्या लोकांना त्या गावच्या होळीला जाता यावं. जालमसिंगच्या गावची आधी होती. दोघांनीही आपापली होळी मनात धरली आणि दोघंही समाधानानं उठली. ठरलेला दिवस उजाडला तेव्हा जालमसिंगची पाळणी सुरू होऊन गेली होती.

त्या दिवशी तो जिना चढून आला तो अनवाणी. अंगाला धुराचा आणि न धुतल्याचा वास. खांद्यावर घोंगडी, मागे वाहरूबाबा. बाहेरच्या खोलीत तो बसला नाही, खुर्चीही खाटेतच धरायची की काय याची खात्री नव्हती म्हणून उभाच राहिला. बायका दिसताच भिंतीला टेकून सरकत गेला. नूतनबाईंनी पाय जवळ घेऊन त्याला वाट दिली.

आत गेल्यावर त्यानं पाळणी काय असते ते सांगितलं. गायत्री म्हणाली, मग होळी झाल्यावर या, काही बिघडत नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की आजच्या बैठकीचं फळ तसंही होळीपर्यंत दिसणार नाही. आधीच्या पाच बैठकांचं जे व्हायचं ते झालंय.

जालमसिंगनं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "सहा सांगेल व्हत्यात, डाक्टरसाहेब. पाचवर सोडं तर पहिलापासून धरनं पडी का?"

डॉक्टर हसायला गेले आणि थांबले. समोरचा माणूस गंमत करत नव्हता. पाचाचं काम चारावर सोडलं की काय होतं, हे वर्षभर डोक्यावर घेऊन तो जगला होता. दवाखान्याचा नियम देवीच्या नियमापेक्षा ढिला असेल, असं मानायला त्याला काहीच आधार नव्हता. डॉक्टरांनी सांगून पाहिलं की असं काही नसतं. जालमसिंगनं अतिशय आदरानं विश्वास ठेवला नाही.

तेव्हा सगळ्यांनी वाहरूबाबाकडे पाहिलं.

वाहरूबाबाला मराठी कळत होती, पण तो पावरीतच बोलला आणि जालमसिंग ते मराठीत सांगत गेला. म्हाताऱ्याला आधी यंत्र बघायचं होतं. त्यानं ते चारी बाजूंनी पाहिलं, वास घेतला, धूर कुठून जातो ते विचारलं. धूर नाही म्हटल्यावर विस्तव कुठे आहे ते विचारलं. त्याच्याच हातावर दाखवावं म्हणून डॉक्टरांनी त्याच्या मनगटातलं चांदीचं कडं काढायला सांगितलं, कारण धातू चालत नाही. म्हातारा म्हणाला, हे लग्नात घातलंय, आता हाडासकट निघेल. मग डॉक्टरांनी स्वतःचीच बाही वर केली, पट्टी लावली, जेल लावलं आणि यंत्र आपल्याच दंडावर फिरवून वाहरूबाबाला म्हणाले, आता हात लावून बघा.

वाहरूबाबानं आपली खरखरीत बोटं डॉक्टरांच्या दंडावर ठेवली. ठेवूनच राहिला. जेल गार, आणि त्याखालून ऊब वर येतेय. त्यानं यंत्राच्या तोंडाला स्पर्श केला, तेही विस्तवासारखं तापलेलं नव्हतं. पुन्हा दंड. आयुष्यभर ज्यानं आगी पेटवल्या, आगीच्या कडेनं अनवाणी चालला, कुठली आग किती वेळात पडेल हे ज्याला विचारायला पाच गावं येत, त्या माणसाला कोळशाशिवाय, ज्वाळेशिवाय, माणसाच्या मांसात आतून पेटणारी ऊब पहिल्यांदा सापडली होती.   यंत्राचा बारीक आवाज तेवढा चालू होता.

मग त्यानं निवाडा दिला, आणि तो असा सरळ दिला की कायद्याच्या पुस्तकातही सापडायचा नाही. आग बाटत नाही आणि बाटवत नाही, दिसो की न दिसो. पण खाट ती खाट. बाईचा हात तो बाईचा हात. आणि पाणी लावायचं नाही.

एवढं सगळ्यांना मान्य झालं. यंत्र खाली उतरवलं. जालमसिंगनं फरशीवर घोंगडी अंथरली आणि तिच्यावर आडवा झाला. डॉक्टर ललित पाटील, ज्यांच्या आईनं त्यांना जमिनीवर बसून जेवताना शेवटचं पाहिलं त्याला बरीच वर्षं झाली, ते मांडी घालून बसले आणि यंत्राचं तोंड हातात घेतलं. गायत्री चार हात लांब उभी राहिली आणि बंदूक रोखली. स्पर्श न करता ताप सांगणाऱ्या त्या वस्तूचा शोध लावणाऱ्यांनी पाळणीचा विचार केला असेल असं वाटत नाही. पण केला असता तरी याहून सोयीची वस्तू त्यांना सुचली नसती.

"डाक्टर, जरासा खाले," गायत्री म्हणाली. "हां. फिरवत ऱ्हा, थांबू नका. चाळीस. एक्केचाळीस. जालमभाऊ, कथं पोचना?"

"घाटना मधमा," फरशीवरून उत्तर आलं.

शेवटी जेल कोरड्या कापडानं पुसून घेतलं. जालमसिंग उठला, घोंगडी झटकली, आणि म्हणाला की होळीला या. गायत्री म्हणाली, आम्हाला हात लावता येत नाही, येऊन काय करू. तो म्हणाला, बघता येतं.

डॉक्टर आणि गायत्री खरंच गेले. अंधारातच शहाद्याहून निघाले आणि उजाडायच्या सुमाराला पोचले. गाडी कुठे लावावी हे शोधायची वेळच आली नाही, गर्दीत ती जिथे थांबली तिथेच राहिली. डोंगराच्या अंगावरून सगळीकडून माणसं उतरत होती, आणि त्यांच्या आधी आवाज उतरत होता. शेकडो कमरांची घुंगरं वाजवत शेकडो पाय एकदम जमिनीवर आपटले की जो आवाज होतो त्याला मराठीत शब्द नाही. तो आधी तळपायांना ऐकू येतो. मधोमध उभा बांबू, वरचं टोक अजून अंधारात. आग नुकतीच पेटली होती.

एवढ्या ठिपक्यांत जालमसिंगला ओळखणं अवघड होतं. गायत्रीनं त्याला पोटावरून ओळखलं. शेवटी चार महिने ते तिच्या हाताखाली होतं. घडी होती. गेली नव्हती, जादू झाली नव्हती. पण पट्टा तिच्या खाली दबला नव्हता. घडी त्याच्या वरच्या काठाशी येऊन थांबत होती आणि उडी मारली की परत आपल्या जागी बसत होती. राख तिथे ओली झालेली नव्हती. रक्त नव्हतं.

रिंगण फिरत त्यांच्या जवळून गेलं तेव्हा गायत्रीच्या ध्यानात आलं की तापाची बंदूक पर्समध्येच राहिलीय. तिनं ती काढली आणि जालमसिंग समोर आला तशी त्याच्या पोटावर रोखली. आकडा बेचाळीसच्या पुढे गेला. मग आणखी पुढे. दवाखान्यात केव्हाच हात उचलला असता. इथे उचलायला हात कुणाचा, आणि आग कुणाच्या हातची? तिनं आकडा डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी वाचला, आगीकडे पाहिलं, आणि बंदूक हलकेच खाली करायला लावली.

गेल्या वर्षी ज्या जागी जालमसिंग बाहेर येऊन बसला होता, तिथे एक दगड आहे. त्या दगडावर आता वाहरूबाबा बसला होता, मुद्दाम. जालमसिंग त्याच्यासमोरून किती वेळा गेला कुणी मोजलं नाही. प्रत्येक वेळी म्हातारा त्याच्या कमरेकडे बघायचा. उजाडलं. बांबू मधून काळा झाला, एकदा वाकला, आणि पडला. जालमसिंग रिंगणात उभा होता. म्हाताऱ्यानं दगडावरून उठून आपली जागा मोकळी केली, म्हणजे आता पाहिजे तर बस.

नदीवर अंघोळ झाली, राख वाहून गेली, पाळणी सुटली. जालमसिंग स्वच्छ शर्ट घालून एका झाडाखाली जमिनीवरच बसला, खाटेची सवय इतक्या लवकर परत येत नाही. कमलीबाईनं सीमाला सोडलं. इतके दिवस बापाला हात लावू न दिलेली पोर धावत आली, मांडीवर चढली, आणि काहीही न विचारता शर्टाच्या बटणांमधून हात आत घातला.

हात थांबला. मग इकडे चाचपला, तिकडे चाचपला. डॉक्टर आणि गायत्री बघत उभे होते. पोरीनं भुवया आवळल्या, बापाकडे वर पाहिलं, आणि पावरीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" गायत्रीनं विचारलं.

जालमसिंगनं पोरीच्या हातावरून शर्ट नीट केला. त्याला खूप दमल्यासारखं झालं होतं. "म्हनस, कोनी तरी लई गया," तो म्हणाला. "थोडंच ऱ्हायनं."

डॉक्टरांनी नंतरच्या फोटोसाठी कॅमेरा आणला होता. तो त्यांनी पिशवीतून काढला नाही.

जेवढं सापडलं तेवढं मुठीत धरून सीमा झोपी गेली. गावातली माणसं मोहाची दारू घेऊन भेटायला येऊ लागली, पाच वर्षं पुरी केलेल्या माणसाला गळाभेट द्यायची असते. जालमसिंग उठला नाही. ज्याला भेटायचं त्यानं खाली बसून भेटावं, असं त्यानं हातानंच सांगितलं. वाहरूबाबाही खाली बसला.